नानांची पथिक

१२ मार्च २०१६

पथिक पुन्हा बंद पडली! असोद्याचे लीलाधरनाना — गावात ही स्वस्तातली गाडी घेणारे पहिले. पोरीच्या साखरपुड्याला जाताना बांभोरीच्या पुलावर ठप्प. व्याह्यांनी ढकलली म्हणे! नाना माझ्या गॅरेजवर आले ते मान खाली घालून. तीनदा शोधूनही मला दोष सापडला नाही. पण 'सापडत नाही' म्हणायला जीभ वळेना. चारचौघांत बोलून गेलो, "नाना, कंपनीच खोटी. पत्र्याचा डबा! काढून टाका."

३ एप्रिल

नानांनी गाडी विकली. घेणारा साक्रीचा नवल. नेण्याआधी म्हणाला, "भाऊ, एकदाव बोनेट देखी ल्या." बॅटरी पुसायला गेलो तर अर्थिंगची वायर सैल! बोटानं हलत होती. गाडी बंद पडायची ती हिच्यामुळं. दिवाळीत नानांच्या गाडीत टेप बसवला तेव्हा मीच ती काढलेली. मीच आवळायची विसरलो.

नाना तिथेच स्टुलावर चहा पीत होते. मी गुपचूप पाना फिरवला, बोनेट लावलं. थू माझ्यावर!

१९ जून २०१७

असोद्यात आज आणखी एकानं पथिक घ्यायचं रद्द केलं. घरचे म्हणाले, "नानांसारखी ढकलत न्यायचीय का?" हे माझंच पेरलेलं.

८ जानेवारी २०१९

नवल आला. त्याच पथिकमधून पिंपळनेरच्या बाजारपेठेत रोज सवाऱ्या नेतो. "भाऊ, दीड लाख किलोमीटर! इंजिन नंबर एक शे!" मी हसलो. नजर चुकवून पाना पुसत बसलो.

१४ ऑगस्ट २०२२

टक्कर चाचणीत नव्या पथिकला पाचपैकी पाच तारे! गॅरेजसमोरच्या टपरीवर गाडीला नावं ठेवणारी तीच माणसं म्हणतात, "गाडी म्हणजे पथिक!" नाना ट्रॅक्टर घेऊन आलेले. माझ्याशिवाय दुसऱ्याकडे नेतच नाहीत. सगळं ऐकलं. माझ्याकडे बघितलंही नाही. तरी बघितल्यासारखं का वाटलं मला? चोराच्या मनात चांदणं!

२१ सप्टेंबर २०२५

नानांचा पोरगा भूपेंद्र पथिक घेतोय. नाना त्याला म्हणाले, "आधी चुडामणले इचार. तो हो म्हनीन तरच घे." माझ्या शब्दावर! मी हो म्हटलं. आता वायरचं सांगून टाकायचंच. नानांचे पाय धरायचे. मग मारू देत जोडे.

३० सप्टेंबर

असोद्याला जाऊन आलो. नानांनी केळी दिली, गप्पा झाल्या. सांगितलं नाही. भित्रा!

२ ऑक्टोबर, दसरा

भूपेंद्रच्या नव्या पथिकची पूजा. नारळ माझ्याच हातून फोडायचा, हा नानांचा हट्ट. हार घालून झाला. नानांनी बोनेट उघडायला लावलं. वाकले, बॅटरीपाशी बोट नेलं. मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाले, "ही वायर आवळेल हाये ना रे? मांगच्या बारीले तू गुपचूप आवळली व्हती — मी स्टुलावरून पाह्यलं व्हतं."

नारळ माझ्या हातून फुटेना.