ऑफ म्हणजे काय

आबा, तुमच्या नातीने, माझ्या लेकीने, परवा माझ्यासमोर एका माणसाचा मृत्यू तपासला, आणि मी अशा वेळी शोभणार नाही इतकी अभिमानाने फुगले.

माणूस म्हणजे सुरतेत भेस्तानला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गुजराती काका. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून तिचीच ड्यूटी होती आणि काकूंना धरून मी पलंगाशी उभी होते. मशीनवर सरळ रेघ आली तरी हिचं आपलं चालूच. आधी कानाशी वाकून मोठ्याने हाक मारली. भुवईखाली अंगठ्याने दाबून, दुखून काही हालचाल होते का ते पाहिलं. दोन्ही डोळ्यांत टॉर्च मारला. मग दोन बोटं मानेवर, स्टेथोस्कोप छातीवर, आणि नुसती ऐकत राहिली. काकांचा मुलगा वैतागला, आता आणखी काय ऐकताय म्हणून. "बेन, मशीन तो सीधी लाइन बतावे छे. हवे शुं सांभळो छो?" मान वर न करता ती म्हणाली, "वायर नीकळी जाय तोय सीधी लाइन आवे, भाई. ऊभा रहो." तो थांबला. ही जीभ कुणाकडून आली ते तुम्हाला सांगायला नको. वॉर्डातली सिस्टर माझ्या कानाशी कुजबुजली, "मॅडम तो यमराज को भी वेटिंग में रखती हैं."

शेवटी तिने घड्याळ पाहून वेळ सांगितली, काकूंचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "काकी, काका गुजरी गया." 'ऑफ थई गया' म्हणाली नाही. अख्खं सुरत म्हणतं, ती म्हणत नाही. माणूस काय ट्यूबलाइट आहे?

तुम्ही मला नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलंत तेव्हा तुमच्या लूमच्या कारखान्यातले लोक तुम्हाला हसले होते. अंगावरचा कापूस झटकत तुम्ही मला एवढंच म्हणालात, "सायेब काय बोलस ते माले सांगजो, बस." सांगायची वेळ आली ती तुमच्याच पलंगापाशी. डॉक्टर येतो, पायथ्याशी थांबतो, दुसऱ्याशी बोलता बोलता तुमच्यावर एक नजर टाकतो, 'ऑफ' म्हणतो आणि पुढे जातो. हात लावत नाही. नाडी नाही, डोळे नाहीत, काही नाही. आई मला विचारते, "ऑफ म्हंजे काय शे? पंखा बंद कराले सांगस का?" आणि वर्गात इंग्रजीत पहिली येणारी मी तिला त्या शब्दाचा अर्थ सांगते. त्या माणसाचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

तुमचे हात गरम होते, असं आई अखेरपर्यंत म्हणत राहिली. "नाडी ते धरनी जोयजे व्हती." तुमची नात हे वाक्य ऐकत वाढली. म्हणून ती घाई करत नाही. कॉलेजात सगळ्यांना शिकवतात तेच ती करते, फक्त पुरतं करते.

हात काही वेळ गरम राहतातच, हे तिनेच मला समजावलं आहे. तुम्ही गेला होतात, यात मला शंका नाही. तरी ती काकांच्या छातीवर वाकून ऐकत होती, तेवढा वेळ त्या पलंगावर मी मनातल्या मनात तुम्हाला ठेवलं होतं. आणि तिने मान वर करून 'थांबा, काहीतरी ऐकू येतंय' म्हणावं, याची वाट पाहत होते. हे लिहिलेलं मी तिलाही वाचायला देणार नाही.