वर्षाआधी पुसलेलं नाव

प्रिय सिद्धेश्वरीस,

मंद्रूपहून पाठवलेली शेंगाचटणी पोहोचली. डबा ऑफिसात उघडायची चूक केली, मेल्यांनी दुपारपर्यंत तळ दाखवला. मला चमचाभर मिळाली.

माझं काम तुला ठाऊकच आहे. टॉवेलच्या कारखान्यातल्या सगळ्यांची नावं, मोबाईल, कुणाला काय उघडता येतं, हे आता क्लाउडवर एकाच यादीत असतं आणि मी तिची राखणदारीण. सोमवारी स्क्रीनवर इशारा आला. कुठलातरी अनोळखी प्रोग्रॅम ती यादी वरपासून खालपर्यंत वाचत सुटला होता. आणि आत शिरला होता तुझ्या नवऱ्याच्या, संगमेशच्या नावानं.

खरं सांगू? त्याचं नाव दिसलं तेव्हा क्षणभर मला आनंदच झाला. मग भान आलं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेआधी वारलेला माणूस श्रावणात कामावर कसा येईल?

त्याचं खातं तेव्हाच बंद करायचं होतं. पण आमचे मालक अण्णा म्हणाले, "वर्ष होईस्तोवर गेलेल्याचं नाव पुसू नये." त्यांच्या घरची रीतच ती. आणि तूही हात जोडलेस की. रोज दिवा लावून तू त्याच्या ऑफिसच्या मेलवर दोन ओळी लिहितेस, हे मला माहीत होतं. त्यातली एकही मी उघडली नाही, शपथ.

आधी वाटलं, त्याच्या मोबाईलवर तुझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल. देवा, तीच असू दे, म्हणत तपासलं. तू नव्हतीस. कुणी परदेशातून शिरलं होतं, कोण ते कधीच कळायचं नाही. सगळ्यांचे नंबर गेले ते गेले. शिलाईतल्या बायकांना भलतेसलते फोन येतायत, त्या मला विचारतात, आणि मी अनोळखी फोन उचलू नका एवढंच सांगते. लई वाईट वाटतं गं.

आज संगमेशचं खातं मी काढून टाकलं. अण्णा तोंड फिरवून उभे होते. वर्षाला अजून अवकाश होता, पण माझ्या हातात दुसरं काही उरलं नव्हतं. हे पत्र संध्याकाळच्या आत मंद्रूपला निघालेल्या येडूमामांच्या हाती पाठवतेय, कारण दिवा लावून तू लिहिशील आणि आज पहिल्यांदा लगेच उत्तर येईल. त्याचं नसेल ते. या नावाचं इथं कुणी नाही, एवढं सांगून तुझ्याच ओळी परत येतील. ते तुला मशीनकडून कळू नये.

दाराशी बसूनही काही न राखलेली, तुझीच
भुवनेश्वरी