दहा मिलिमीटर, अधिक-उणे अर्धा

४ मार्च, सकाळी ६.१०
निर्णय झाला. लेकीच्या फ्राईजच्या दुकानाचा सॉस मी करणार. उद्घाटन १७ तारखेला. तिला अजून सांगितलेले नाही. त्यासाठी तिने माझ्याशी बोलायला हवे. डिसेंबरात चांगली नोकरी सोडून दुकान टाकते म्हणाली, तेव्हा मी एकच शब्द बोललो: रिजेक्ट. बावीस वर्षे कारखान्यात फायनल इन्स्पेक्शन करणाऱ्याच्या तोंडून तो सहज निघतो. तिने मनाला लावून घेतला. आता फोन मी उचलला की, 'आईला द्या.' बस्स.
सॉस चाखला की विरघळेल.
मला स्वयंपाक कोणी शिकवलेला नाही. जाडी मोजायचे व्हर्निअर वाचायलाही कोणी शिकवले नव्हते.

५ मार्च
नमनाला घडाभर तेल नको. थेट फ्राईज. वर चीज, तळलेला कांदा, मक्याचे दाणे आणि सॉस एवढा लोड पेलायचा, तर प्रत्येक फ्राय सारखा हवा. माप ठरवले: जाडी दहा मिलिमीटर, अधिक-उणे अर्धा. बटाटे तीन किलो. बायको म्हणाली, नाकाने कांदे सोलून झाले असतील तर आता हाताने बटाटे सोला. सोलले.
तळल्यावर मोजणी. मापात बसलेले: एकेचाळीस. बाकी रिजेक्ट. कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे प्रत्येक रिजेक्टवर लाल ठिपका दिला. रंगाऐवजी केचप.
मी नोंदी करत असताना बायकोने ठिपकेवाले सगळे संपवले. म्हणाली, हेच चांगले लागतात. एकेचाळीस गार पडून वातड झाले. बटाट्याच्या दर्जात खोट आहे.

८ मार्च
सॉस, नमुना क्र. १. सुक्या मिरच्या चाळीस. बिया मोजून काढायच्या होत्या. सहाशेनंतर सोडून दिले. मिरच्या भाजताना खिडकी उघडायची राहिली. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई विचारायला आल्या, काय जळतंय? म्हटले, काही जळत नाही, संशोधन चाललंय. त्या खोकत खोकत वर गेल्या. बायको जिन्यात बसून जेवली.
दुपारी १.३०. डोळा चोळला गेला. ठराव: मिरचीच्या हाताने डोळा चोळायचा नाही.
१.४०. दुसरा डोळा.

११ मार्च
नमुना क्र. ४. लसूण आणि व्हिनेगर वाढवले. मिरची कमी केली नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. बाटली कारखान्यात नेली. स्टोअरकीपर पट्टीचा खवय्या. त्याने चमचाभर घेतला आणि डोळे मिटून भिंत धरली. भारावला असावा. मग पाण्याच्या कूलरपाशी गेला तो तिथेच. तीन वाजता हाफ डे टाकला. जाताना म्हणाला, साहेब, गंजलेले बोल्ट सोडवायला औषध करताय तर आधी सांगायचं ना!
मत्सर.
वर म्हणतो, पोरीसाठी करताय तर थोडं डेव्हिएशन घ्या की. डेव्हिएशन म्हणजे माल मापात नाही पण चालवून घ्या, अशी सहीची चिठ्ठी. बावीस वर्षांत अशा एकाही चिठ्ठीवर माझी सही नाही. कोरी पॅडे पडून राहात. लेक लहान असताना ती घरी आणून तिला पाठीमागे चित्रे काढायला देत असे. तिने काढलेले वर्तुळ गोल नसेल तर तसे सांगतही असे. शिकणार कशी?

१४ मार्च
बायकोने फोन स्पीकरवर ठेवला होता. मी शेजारच्या खोलीतून सहजच मोठ्याने म्हणालो, सॉस तयार आहे. लेक म्हणाली, आई, त्यांना सांग सॉस ठरलाय माझा. मी म्हणालो, तिला सांग, ठरलेलं बदलता येतं. लेक म्हणाली, हे त्यांनी म्हणावं! बायको म्हणाली, मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे? आणि फोन टेबलावर ठेवून आंघोळीला गेली.
मग लेक म्हणाली, यायचं तर या. पण मोजायचं नाही.
एकूण संभाषण: दोन वाक्ये. घवघवीत यश.
ठराव: व्हर्निअर न्यायचे नाही.

१७ मार्च, सकाळी १०.२०
दुकानाच्या दारात लक्षात आले, व्हर्निअर खिशातच आहे. आता परत जाणे बरे दिसले नसते.

१७ मार्च, संध्याकाळी
फक्त तीन प्लेटी मोजल्या. साडेअकरा, अकरा, पुन्हा साडेअकरा. तसे गिऱ्हाइकांना कळवले. रांग शेजारच्या शिंप्याच्या दारापर्यंत गेली होती. लेक ओरडली, बाबा, माणसं उपाशी उभी आहेत, व्हा बाजूला! तीन महिन्यांनी 'बाबा' ऐकले. ताबडतोब बाजूला झालो.
गर्दी ओसरल्यावर तिने माझा सॉस चाखला. एक थेंब. कान लाल झाले. दोन ग्लास पाणी प्यायली. मी वाट पाहत उभा. मग गल्ल्याखालून एक पिवळे पडलेले पॅड काढून तिने चिठ्ठी भरली. पॅड आमच्याच कारखान्याचे. पाठीमागे तिरपे घर आणि अंड्यासारखा सूर्य.
पुढे: माल: सॉस. दोष: मापाबाहेर तिखट. कारण: करणारा ऐकत नाही. निर्णय: चालवून घ्यावा, मागेल त्यालाच.
खाली तिची सही. बनवणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी. तिने पेन पुढे केला.
मी म्हणालो, तारीख घातली नाहीस. तिने घातली.
सही केली.

१८ मार्च
दिवसभरात माझा सॉस मागणारे गिऱ्हाईक एकच निघाले. रीतसर रांगेत उभा राहिलो. फ्राईज साडेअकराचे, एक तर चक्क बाराचा. चीज तरीही घसरत नव्हते, याचे तांत्रिक कारण शोधायचे आहे. व्हर्निअर घरी होते.
तिसऱ्या घासाला जीभ बधिर. नाकातून पाणी. लेकीने काही न विचारता सॉस बाजूला सारला आणि फ्राईजवर केचपचे लाल ठिपके दिले. सगळ्यांवर.
हेच चांगले लागतात.