फाटकापाशी स्टूल

अहो,

वाकून नमस्कार. आम्ही खुशाल. गोळ्या घेता ना?

सूनबाई डबे भरते त्या कारखान्यातली स्टुलं साहेबानं उचलली. सातव्या महिन्यात ती दिवसभर उभी असते. म्हणून बायका फाटकापाशी पाट्या धरून प्रोटेस्ट करतात.

मी नातीला विचारलं, "म्हणजे भांडण?"

"नाही गं आजी. पटत नाही ते चारचौघांत, कारणासकट सांगायचं."

म्हणजे तुमच्यावर चिडून मी भाजीत मीठ कमी घालायचे, ते प्रोटेस्ट नव्हतं. तुम्हाला पत्ताच नसायचा.

नोकरी जाईल का, हे मी सूनबाईला विचारलेलं नाही. उद्या घरातलं स्टूल फाटकापाशी नेणार आहे. साहेबासमोर ती त्यावर बसेल, मी शेजारी उभी राहीन.

माझ्या गुडघ्यांबद्दल काही लिहू नका.

तुमचीच,
कमी मीठवाली