बांधावरची जागा

मनाली, १० सप्टेंबर १९६१

ती. आजीस मोरूचा शि. सा. न. वि. वि.

आजी, चढाई संपली. परवा चौदा हजार फुटांची खिंड ओलांडून खाली उतरलो. कारखान्यातले आम्ही आठही जण परत आलो. वर श्वास पुरत नाही; दहा पावलं टाकली की थांबायचं. आता घरची वाट. पठाणकोटहून गाडी मिळेल तसे निघू. बुधाजीचे पाय थंडीने जरा बधिरलेत, शेकतो आहे. मैनाकाकीला सांग, काळजी नको. अवसेच्या उधाणाआधी दोघेही गावात असू.

तुझा मोरू

ता. क. आजी, मी बुधाजी. इथं चिखलच न्हाय, पायांना करमत न्हाय. तू मिश्री कमी लाव. काळे दात बघून मोरूला पोरगी कोण देईल?

*

खारवाडी, २० सप्टेंबर १९६१

चिरंजीव मोरूस आजी सोनाबाईचे तोंडभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ओटीवर उभ्यानंच वाचलं. माझी शाळा दुसरीपर्यंत, जोडाक्षर आलं की ठेच लागते, पण तुझं अक्षर मोठं म्हणून निभावलं. मग धावत शेजारी मैनाकडं गेले नि तिला वाचून दाखवलं. लेकाच्या ओळी तिनं तीनदा वाचायला लावल्या. माझ्या दातांवर हसली मेली! नवरा गेल्यापासून असं हसलेली मी बघितली नव्हती. त्या बुधाजीला सांग, आजीचे दात काळे असले तरी अजून बोंबलाचा काटा मोडतात.

चौदा हजार फूट म्हणजे किती ते तुझ्या बापाला विचारलं. म्हणाला, आपल्या सागरगडावर सागरगड रचत जा, दहा-अकरा होतील. मला काय समजलं न्हाय, पण गावभर सांगितलं. बर्फ मी एकदाच बघितलंय, पापलेटाच्या पेटीत. त्यावरनं माणूस चालतो म्हणजे नवलच.

गौरी-गणपतीला तुम्ही नव्हता. लाल कोंबडा राखून ठेवलाय, पलीकडच्या ठमाबाईची नजर हाय त्याच्यावर. आणि कामाचं सांगायचं ते राहिलंच. अवसेच्या उधाणाला बांधावर कोण कोण उभं राहणार ते काल देवळात ठरलं. घरटी एक माणूस, नेहमीचं. मैना कुचमत होती, तर मीच पुढं होऊन बुधाजीच्या नावाचा विडा देवापुढं ठेवला. विडा ठेवला की मागं घेता येत न्हाय, ते तुला ठाऊक हाय. पण तुम्ही तर येताच आहात! त्याला मोऱ्हाच्या वाकणावर, बांध वळतो तिथं, जागा दिलीय, जिथं खेकडे बांध पोखरतात. चिखलात पायाची बोटं घालून बीळ कुठंय ते सांगणारा तोच एक. भात पोटरीला आलंय. खारं पाणी आत आलं तर वर्ष गेलं.

लौकर या. या म्हातारीवरची माया हाय तेवढी राहू द्या.

तुझी आजी

*

मुंबई, २४ सप्टेंबर १९६१

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

मुंबईला पोचलो. रजा संपली, त्यामुळे लगेच येणं जमत नाही. दसऱ्यानंतर बघतो. बुधाजीही इथेच आहे, त्याचं काम निघालं आहे. लाँचवरच्या गुणाजीकडे अक्रोड दिलेत. बांधावर बुधाजीच्या जागी दुसरं कुणी उभं राहील का, ते विचारून ठेव.

मोरू

*

खारवाडी, २९ सप्टेंबर १९६१

चिरंजीव मोरूस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

अक्रोड पोचले. अडकित्त्यानं फोडताना तुझ्या बापाचा अंगठा चेचला, अक्रोड तसाच राहिला. असो.

मोरू, मी अडाणी हाय, आंधळी न्हाय. ह्या पत्राखाली बुधाजीच्या ओळी न्हायत. लहानपणापासनं तुझ्या पाटीवर दोन रेघोट्या ओढल्याशिवाय जो राहिला न्हाय, तो पत्र कोरं सोडंल? आणि त्याच्या जागी दुसरा कोण, हे तू का विचारतोस? पहिल्या पत्रात आठ जण परत आले असं लिहिलंस, सुखरूप हा शब्द त्यात न्हाय. मी काल पुन्हा शोधला.

मैना वाट बघत बसली होती. मी तिच्यासमोर पत्र धरलं नि कागदावर न्हायत अशा दोन ओळी वाचल्या. बुधाजी म्हणतो, भाकरीवाचून जीव जातो. तिनं लगेच तांदूळ दळायला काढले. मोरू, ह्या वयात मला खोटं वाचायला लावलंस. आता खरं लिही.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच
आजी

*

मुंबई, ६ ऑक्टोबर १९६१

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र गुणाजीच्या हाती देतो आहे.

खिंडीच्या खाली बुधाजी म्हणाला होता की पाय आपले वाटत नाहीत, परत फिरू. त्याच्या बुटात पाणी गेलं होतं. मी हसलो. सगळ्यांदेखत म्हणालो की खारेपाटचा गडी थंडीला भ्याला, मैनाकाकीला तार करू का. तो चालत राहिला. खाली आलो तेव्हा बोटं काळी पडली होती. इथल्या इस्पितळात उजव्या पायाची सगळी आणि डाव्याची तीन बोटं काढली. जीवाला धोका नाही. तो मला एका शब्दाने दोष देत नाही, उलट विचारतो की विडा ठेवला का.

आजी, दोनदा भाऊच्या धक्क्यावर आलो. एकदा तर लाँचमध्ये बसून उतरलो. तो डोंगर चढलो, पण मैनाकाकीची पायरी मला चढवत नाही.

मोरू

*

खारवाडी, ८ ऑक्टोबर १९६१

चिरंजीव मोरूस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मैनाला वाचून दाखवलं. ह्या खेपेला एक शब्द गाळला न्हाय, तू हसलास तेही. माझ्या दोन ओळी खोट्या होत्या तेही सांगितलं. ती जात्याचा खुंटा धरून बसली. मग एवढंच विचारलं, की टाचा शाबूत हायेत ना. मी हो म्हटलं. पीठ तिनं डब्यात भरलं नि झाकण लावलं.

मी कोंडाजी पाटलाकडं विडा मागं घ्यायला निघाले तर तिनंच अडवलं. घराचं नाव दिलंय, घर उभं राहील म्हणाली. पाटील कुरकुरला, की बाईमाणूस बांधावर आजवर उभं राहिलं न्हाय. तर तिनं विचारलं, विडा घराचा असतो का मिशीचा. त्यानं विडा राहू दिला.

हे पत्र गुणाजीच्याच हाती आजच्या लाँचनं पाठवते. उद्या अवस, भरती दुपारची. पहिल्या लाँचनं ये. घरी येऊ नको, कोंबडा कुठं जात न्हाय. रेवसला उतरलास की सरळ बांधावर जा. वाकणावर मैना उभी असंल. तिच्या पायांना बीळ कळत न्हाय. तू बुधाजीमागं फिरून थोडं शिकला हायेस. वहाणा काढ नि तिच्या शेजारी चिखलात उतर. तिनं तुला बोलावलेलं न्हाय. येऊ नको असंही म्हणाली न्हाय, मी दोनदा विचारलं.

माझा लोभ तुझ्यावर होता तसाच हाय, तो मागायचं कारण न्हाय. तिचा मात्र तुला तिथं उभं राहूनच मागावा लागंल.

तुझी आजी सोनाबाई