एक कार्ड कोणी लिवलं नाही

अकोला, १२ जुलै १९६१

तीर्थरूप बाबांस,
देवमनचा सविनय जयभीम. वि. वि. आईला माती देऊन आपण दुसऱ्याच दिवशी पेरणीची तिफण धरलीत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. शोकसभेत गाव रडले. आपण भिंतीला टेकून तंबाखू मळत होता. उन्हाळाभर ती आजारी, आणि मला कळवण्याइतके ते आपल्याला महत्त्वाचे वाटले नाही. अकोल्यात मोठा दवाखाना आहे. मी तिला आणले असते. पण मग आपल्या भाकरी कोणी थापल्या असत्या?

ज्याला माणसापेक्षा कपाशीची पऱ्हाटी मोठी, त्याच्या घरी माझे काही उरलेले नाही. यापुढे माझी वाट पाहू नये. आपली सून पार्बताबाई आणि तान्हा धर्मपाल ठीक आहेत.

लोभ असू द्यावा, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.
देवमन

अचलपूर, २० जुलै १९६१

चि. देवमनले देवरावचा जयभीम.
साहेबाचं पत्र भेटलं. लय शुद्ध हाये, मले दोनदा वाचा लागलं. सभेतही तू शुद्धच बोलला. आई म्हणजे करुणेचा सागर म्हणे. तुह्या आईनं सापन नदीच्या पलीकडचं पाणी पाह्यलं नव्हतं. एवढं बोलला, पण माह्याजवळ येऊन घडीभर टेकला नाही. लोकाईपुढं रडणं तुले जमते, मले जमत नाही. अन् पेरणीचा वाफसा कोणासाठी थांबते काय? घरात बसून काय करू, तिची खाट पाहू? तिफणीमागं माणूस काय करते, ते बैलाईले ठाऊक. ते सभा घेत नाही.

कळवलं नाही म्हणतं. तुही बहीण जाई येऊन गेली होती. तिनं लिवलं असन, असं मी समजलो. तू आला नाही, तवा म्हटलं साहेबाले फुरसत नसन. वाट पाहू नको म्हणतं, तं नाही पाहत.

लोभ जितका उरला असन तितका ठेव.
देवराव

चांदूर रेल्वे, २ ऑगस्ट १९६१

चि. देवमनले जाईअक्काचा आशीर्वाद व जयभीम.
तुहं पत्र आलं, बाबाचंही आलं. दोघंही एकमेकाच्या चुगल्या माह्यापाशी करून राहिले. मी काय पोष्टाची पेटी हावो?

आता ऐक. आईनंच माह्या तोंडाले कुलूप लावलं. पार्बता बाळंत होणार, तुही खात्याची परीक्षा, देवमनले सांगाचं नाही म्हणे. मले वाटलं, बाबा तिचं थोडंच ऐकतीन, ते लिवतीनच. बाबाले वाटलं मी लिवलं. कसे शहाणे लोक आपुन! तिघायलेही अक्षर येते, अन् एक कार्ड कोणाच्यानं झालं नाही. दवाखान्याचं म्हणशीन तं बाबानं बैल जुपून तिले माह्यासमोर बंडीत बसवलं. ती उतरून घरात गेली, अन् कडी लावून घेतली. बाबा दारातच बसून राह्यले. हे तू विचारलं नाही, त्यायनं सांगतलं नाही.

ती जिती होती तवा सगळ्यायची शाई वाळली होती. आता मेल्यावर कागद फाटेपर्यंत लिवून राहिले. कोणाचं बरोबर, हे मले पुन्हा विचारू नका.

लोभ असो नसो, अक्कल असावी.
जाई

अकोला, १४ ऑगस्ट १९६१

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि. अक्काचे पत्र आले. आई बंडीतून उतरली, हे आपण मला सभेच्याच दिवशी सांगितले असते, तर माझ्या हातून तसे पत्र गेले नसते. मी विचारायला हवे होते, हे मान्य. पण आपण सांगायलाही हवे होते.

आपण अकोल्यास येऊन राहावे. येथे वेगळी खोली आहे, नळ आहे. बोलण्यासारखे पुष्कळ आहे. निवांत बसून एकेक गोष्ट स्पष्ट करून घेऊ.

रागातले शब्द पोटात घालावे.
आपला देवमन

अचलपूर, २१ ऑगस्ट १९६१

चि. देवमनले जयभीम.
पत्र भेटलं. गोष्टी स्पष्ट करून घेऊ म्हणतं. घर हाये का कचेरी? तुही आई गेली, एवढं स्पष्ट हाये, बाकीचं राहू दे. नळाचं पाणी तुले लखलाभ. मी येत नाही.

तुले यायचं असन तं ये. सुनेले आण, पोरगं आण, मी त्याले अजून पाह्यलं नाही. पण बोलाले येऊ नको. बोलणं आपल्या घरात कोणालेच जमत नाही, तुले तं मुळीच नाही, तू भाषण करतं. पऱ्हाटीत तण मातलं हाये, एकट्याच्यानं काढणं होत नाही. निंदाले ये. प्यांट घालून येऊ नको, मळन.

तुहा बाप
देवराव