यादीत न घातलेलं बटण

प्रिय देवयानीताई,

बारशाचे फोटो मिळाले. पोरगी दाजींवर गेलीय, कपाळ तेवढं आपलं. इथं बनारसला सगळं बरं आहे असं लिहून दोन कागद फाडले. बरं नाही.

मंगला गौरीच्या देवळाजवळ ज्यांच्या घरी वरच्या खोलीत मी राहतो ते शिवरामकाका आमच्याच पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर. त्यांचं मराठी अर्धं हिंदी. नववीतनं शाळा सोडून दाजींच्या हाताखाली लागलेल्या मला 'इंजिनियर साहेब' म्हणून चिडवतात. काकू रोज वर ताट पाठवतात.

स्टेशनात दोन कंट्रोलर आहेत, कॉम्प्युटरसारखी खोकी. एक पंप चालवतो, दुसरा नुसता तयार उभा. पहिला जे करतो ते क्षणाक्षणाला दुसऱ्याला कळवतो, म्हणजे तो बंद पडला तर दुसरा तिथूनच पुढं चालवेल. पण काय कळवायचं त्याची यादी प्रोग्रॅममध्ये आपण करायची. यादीत नाही ते दुसऱ्याला माहीतच नसतं. हा प्रोग्रॅम दाजींनी लिहिलेला, त्यांची यादी चोख होती. ते बारशाला मिरजेला आले तेव्हा काकांनी एक नवं बटण मागितलं, दाबलं की पंप दुरुस्तीला, चालूच होणार नाही असं. दाजींचा पासवर्ड मला ठाऊक. त्यांना विचारायचं सोडून मीच ते बसवलं, दाबून बघितलं, पंप हलला नाही. छाती फुगली माझी. यादीत घालायचं डोक्यातच आलं नाही.

पंपात हात घालण्याआधी मेन स्विच पाडून वीज तोडायचा नियम आहे, पण तो खालच्या मजल्यावर, आणि काकांचे गुडघे दुखतात. त्यांनी विचारलं, "बेटा, पक्कं ना?" मी म्हणालो, "काका, बटण दाबलं की बास."

मंगळवारी सकाळी बटण दाबून काकांनी तीन नंबरच्या पंपात अडकलेली चिंधी काढायला हात घातला. तेवढ्यात पहिला कंट्रोलर बंद पडला. दुसऱ्यानं डोळा लवायच्या आत सगळं उचललं. मी खूश झालो गं, एक क्षण. मग तीन नंबर सुरू झाला. काकांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दाजी परत आले. शिवी दिली नाही, त्याचीच भीती वाटली. त्यांनी बटण यादीत घातलं, जुना प्रोग्रॅम पुसला, आणि सांगितलं की चौकशीत एवढंच बोलायचं, ऑपरेटरनं मेन स्विच पाडला नव्हता. ते खोटं नाही. पण त्यावर काकांची नोकरी जाईल. काकांनी अजून कुणाला माझं नाव सांगितलेलं नाही. कालपण वर ताट आलं.

जुन्या प्रोग्रॅमची एक प्रत माझ्या पेनड्राइव्हवर आहे. उद्या अकराला चौकशी, तेव्हा ती साहेबांपुढं ठेवणार. पासवर्ड दाजींचा, पुसलंपण त्यांनीच, म्हणजे माझ्यासोबत तेही जाणार. तुझ्या घरात तान्हं पोर आहे, कळतं मला. फोन केला असता तर तू एकदाच 'नको' म्हणाली असतीस, आणि मी ऐकलं असतं. तुझं मी कधी मोडलेलं नाही. म्हणून पत्र टाकतोय. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा माझं बोलून झालेलं असेल.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
सुशांत